तुमचा ड्रम ऐकू येतोय

सुरुवात उच्चारापासून करू. ‘ड्रम कोअर’ असं म्हणायचं. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी पी आणि एस अशी दोन अक्षरं असतात. ती लिहायची, उच्चारायची नाहीत. रांगेत ताठ उभं राहायचं आणि आपला म्हणून वेगळा आवाज काढायचा नाही, हे त्या दोघांना जमलंय. तुम्हाला जमायला एक उन्हाळा जाईल.

हे सांगणारी मी कोण? कॉलेजात असताना पुण्यात चार वर्षं पथकात ढोल वाजवला. त्या जोरावर ताल-बिल आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीत अमेरिकेत वीस वर्षं सुखाने काढली. मग मुलगा एका कोअरच्या ड्रमलाइनमध्ये निवडला गेला आणि त्याच्यामागोमाग मी त्यांच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर कांदे चिरायला गेले. पहिल्या उन्हाळ्यात दोन आठवडे, दुसऱ्यात तीन. पाच आठवडे कांदे चिरल्यावर माणसाला मार्गदर्शिका लिहिण्याचा जेवढा अधिकार पोचतो, तेवढ्याच अधिकाराने पुढचं लिहिलं आहे.

आपण कशात शिरतोय

पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी अमेरिकेत गावोगाव पोरांची बिगुल-ढोलांची पथकं काढली. त्यातून हे प्रकरण वाढलं. 1971 मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था निघाली, 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम किंग्जमेननी ती जिंकली. आता अंतिम फेरी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमवर होते. मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या आसपास पोरं असतात: पितळी वाद्यवाले, ड्रमवाले आणि झेंडे-रायफली हवेत फेकून झेलणारे. सगळे मिळून फुटबॉलच्या मैदानावर धावत-पळत दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम करतात. सबंध उन्हाळा तोच एक कार्यक्रम. मे महिन्यात एका जागी मुक्काम ठोकून बसवायचा आणि मग बसमध्ये बसून देशभर दाखवत हिंडायचं.

बाविशीच्या आसपास सक्तीची निवृत्ती आहे. तिला ‘एज-आउट’ म्हणतात. त्या दिवशी धिप्पाड पोरं मैदानातच हमसून रडतात, तेव्हा रुमाल जवळ ठेवा.

याचे पैसे मिळत नाहीत. भरावे लागतात, तेही हजारो डॉलर. माझ्या सासूबाईंना हे फोनवर तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, “म्हणजे जमिनीवर झोपायचं, उन्हात ढोल बडवायचा, आणि वर पैसे आपणच द्यायचे? मग एवढा शिकला कशाला?” या प्रश्नाचं उत्तर मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचं आहे.

ड्रम कोणता घ्यावा

घ्यावा असं म्हणायचं फक्त. तुम्हाला दिला जातो.

मैदानात चालत वाजवणाऱ्यांना ‘बॅटरी’ म्हणतात आणि पुढे एका जागी मारिम्बा, व्हायब्राफोन, टिंपनी, सिंथेसायझर मांडून बसलेल्यांना ‘पिट’. पिटवाल्यांना चालावं लागत नाही म्हणून बॅटरीवाले त्यांना हसतात. पिटवाले सरगम वाचू शकतात म्हणून तेही परत हसतात. शिवाय ती सगळी अवजड वाद्यं ट्रकमधून उतरवायची, ढकलत मैदानात न्यायची, पावसाचा थेंब पडला की ताडपत्री घेऊन धावायचं आणि रात्री परत ट्रकात चढवायची, हे त्यांच्याच नशिबी. तेव्हा हसण्याचा हिशेब साधारण बरोबरीत सुटतो.

बॅटरीत स्नेअरवाले आठ-नऊ. यांची मान सर्वांत ताठ. त्यांच्या ड्रमचं पान केव्हलारचं, म्हणजे गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात त्या धाग्याचं. ते इतकं ताणलेलं असतं की काठी ओट्यावर आपटावी तशी उलटी उडते आणि आवाज कोरडा, टचटचीत येतो. आमच्या ढोलाच्या घुमाऱ्यात चार चुका सहज पोटात जायच्या. इथे चूक लपवायला जागाच ठेवलेली नाही. बरेच स्नेअरवाले डाव्या हातातली काठी पळीसारखी खालून धरतात. पूर्वी ड्रम पट्ट्याने खांद्यावर लटकायचा, चालताना एका बाजूला कलायचा, म्हणून हाताला तशी सवय लागली. आता ड्रम छातीवरच्या साच्यात सपाट बसतो, कलणं कधीच संपलं, धरायची पद्धत तेवढी राहिली. याचं कारण विचाराल तर “छान दिसतं” एवढंच उत्तर मिळेल. आपल्याकडे फेटा का बांधतात, तेच.

टेनरवाले चार-पाच. एकेकाच्या पोटाशी चार मोठे आणि एक-दोन छोटे ड्रम जोडलेले, वजन पंधरा किलोंच्या घरात. त्यांच्याशी पायऱ्यांवर बोलायला जाऊ नका.

आणि बेस ड्रमवाले पाच. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचे चिरंजीव यात आहेत, तिसऱ्या नंबरवर. पहिला ड्रम सर्वांत लहान, पाचवा एवढा मोठा की मागचा मुलगा पायांवरून ओळखावा लागतो. ड्रमची पानं प्रेक्षकांकडे हवीत म्हणून वाजवणारा मात्र आडवा तोंड करून उभा, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मुलगा एवढ्या मोठ्या स्टेडियमवर वाजवतोय आणि आईला दिसतो त्याचा एक कान.

त्यांचं काम काय, हे मला कळायला आठवडा लागला. ‘पुरणपोळी’ हा शब्द घ्या. पु, र, ण, पो, ळी. पाच अक्षरं, पाच माणसं. पहिल्याने फक्त ‘पु’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘र’, असं करत शेवटच्याने ‘ळी’. मात्र ऐकणाऱ्याला एकाच माणसाने एका दमात पुरणपोळी म्हटल्यासारखं वाटलं पाहिजे. वेगही सांगते: मिनिटाला 180 ठोके आणि एका ठोक्यात चार अक्षरं, म्हणजे सेकंदाला बारा. तुमच्या वाट्याला सेकंदाचा बारावा भाग येतो. तो हुकला की पुरपोळी.

घरी सराव म्हणून जेवायच्या टेबलाभोवती पाच जण बसवून हे करून पाहा. आम्ही केलं. आमच्याकडे ‘ण’ नवऱ्याकडे होता आणि तो दर वेळी, “आता माझं का?” असं विचारून मग ‘ण’ म्हणत होता. हे आनुवंशिक असावं अशी शंका मला तेव्हाच आली होती.

झोप

कार्यक्रम रात्री संपतो. सामान ट्रकात, पोरं बसमध्ये, आणि बस रात्रभर दोनशे-तीनशे मैल जाऊन पहाटे तीन-चारला कुठल्यातरी गावच्या हायस्कूलसमोर थांबते. त्या शाळेचं जिम हा तुमचा राजवाडा. झोपेचे तास बसमधले धरत नाहीत. जिमच्या फरशीला पाठ टेकल्यापासून घड्याळ सुरू होतं, त्याला ‘फ्लोअर टाइम’ म्हणतात.

जागा निवडताना घाई करा आणि अक्कलही वापरा. भिंतीला सॉकेट आहे तिथे फोन चार्ज होतो, पण तिथेच रात्रभर लोक तुम्हाला तुडवत येतात. एसीच्या झोताखाली गोठाल. दाराजवळ सकाळचं ऊन सर्वांत आधी तुमच्यावर. हवेची गादी विकत घेताना दुकानदार ती फुटणार नाही म्हणून सांगेल. त्याने कधी पाऊणशे पोरांबरोबर एका जिममध्ये रात्र काढलेली नाही. गादी पहाटे पाचच्या सुमाराला हळूहळू बसते आणि जाग येते तेव्हा तुम्ही बास्केटबॉलच्या कोर्टवरच्या पिवळ्या पट्ट्यावर आडवे असता.

झोपेत काही मुलं ‘डट, डट’ करतात. घाबरू नका. त्याबद्दल पुढे.

दिवस

नाश्ता, सनस्क्रीन, ताणाचे व्यायाम, आणि मग सकाळीच सराव सुरू. दुपारच्या जेवणापर्यंत एक टप्पा, जेवणानंतर दुसरा, कार्यक्रम नसेल त्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर तिसरा. जागा बहुधा शाळेचं पार्किंग. जूनमध्ये टेक्सासच्या डांबरावर उभं राहण्याचा अनुभव शब्दांत सांगता येणार नाही. तवा म्हणा.

ड्रमवाले दिवसाची सुरुवात ‘एट्स’ने करतात. उजव्या हाताने आठ ठोके, डाव्या हाताने आठ. बस्स. ही पहिलीतल्या मुलाची बाराखडी झाली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. मग मी कांद्याची टोपली घेऊन सावलीत बसले आणि पाहिलं, तर ते आठ ठोके चाळीस मिनिटं चालले. काठी किती उंच जावी हे इंचांत ठरलेलं: तीन, सहा, नऊ, बारा. नऊ इंचांवर वाजवायचं असेल तर नऊच्या नऊ काठ्या नऊ इंचांवर गेल्या पाहिजेत. एकाची दहावर गेली की प्रशिक्षक हात वर करतो आणि म्हणतो, “तुझा ड्रम ऐकू येतोय.”

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण पूर्ण मार्गदर्शिकेत हेच कामाचं आहे. पथकात असताना आमच्या दादांनी मला, “तुझा ढोल ऐकू येतोय गं!” म्हटलं असतं तर मी घरी जाऊन आईला सांगितलं असतं. नदीकाठी सरावाला आम्ही तीस-चाळीस ढोल, आणि प्रत्येकाची एकच खटपट: आपलं टिपरू इतरांपेक्षा जोरात पडलं पाहिजे. ताशाने हात बदलला की सगळे धडाधड बदलणार, त्यात कुणी अर्धा ठोका मागे राहिला तरी मिरवणूक काही थांबत नसे. इथे ‘ऐकू येतोय’ हा आरोप आहे. नऊ जण आणि आवाज एकाच माणसाचा, असं झालं की त्याला ‘क्लीन’ म्हणतात. ऐकणाऱ्याचा कान तुमच्यावर पडला की ‘डर्टी’.

नवशिक्याला सर्वांत जड हेच जातं, ड्रम नाही. गावच्या शाळेत तो सर्वांत चांगला वाजवणारा होता म्हणून तर इथवर आला. आता त्याला नऊ जणांत विरघळायचं आहे. हे शिकताना माझा मुलगा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मी ताटात भात वाढायचे, तो “थँक्स, आई” म्हणून पुढे सरकायचा. बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, काठ्यांनाही तीच पट्टी, हात कुठे संपतो आणि काठी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

आता ‘डट’. वाजवायला लागण्याआधी किंवा मध्येच शांतता आली की वादक तोंडाने ठोका मोजतात: डट, डट, डट, डट. शब्दाला अर्थ नाही. बरोबरीने लाउडस्पीकरला जोडलेला मेट्रोनोम दिवसभर टकटकत असतो. आठवड्याभराने तो बंद केला तरी ऐकू येतो. घरी परतल्यावर मुलाने गाडीच्या इंडिकेटरवर एट्स वाजवायला सुरुवात केली तेव्हा मी सिग्नलला डावीकडे वळायचंच सोडून दिलं.

खेकडा

मैदानावर प्रत्येकाला आपापली जागा ठरवून दिलेली असते, तिला ‘डॉट’ म्हणतात, आणि अशा शेकडो जागा वहीत लिहून पाठ कराव्या लागतात. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. बेसवाले सोडून बाकीच्या बॅटरीला आणखी एक अट: छाती कायम प्रेक्षकांकडे. मग डावीकडे जायचं तर एक पाय दुसऱ्या पायापुढून ओलांडत आडवं सरकायचं. याला सरळ ‘क्रॅब’च म्हणतात. कोकणात वाळूवर पाहिलेलं आठवा, फक्त खेकड्याच्या गळ्यात ड्रम नसतो.

आणि यातच आवाजाची गंमत आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. बॅटरी मैदानाच्या मागच्या बाजूला आणि पिट पुढे, मधे समजा 45 मीटर, तर मागचा ठोका पुढे पोचायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. वर सांगितलेल्या वेगात मागचा ‘पु’ पुढे येईतो तिथे ‘र’ही होऊन गेलेला असतो. मग पुढच्यांनी मागच्यांबरोबर वाजवायचं कसं? तर पुढच्यांनी कान मागे ठेवायचे आणि येणाऱ्या आवाजावर आपला आवाज बसवायचा. म्हणजे प्रेक्षकांपर्यंत दोन्ही एकदम पोचतात. मागच्यांनी मात्र पुढचं ऐकायचंच नाही, ऐकलं की मेले. हात हलवून ताल देणारा ड्रम मेजरही कानाने जात नाही, मधल्या स्नेअरवाल्याच्या पावलांवर नजर ठेवतो. उजेडाला उशीर होत नाही. मला हे कळलं तेव्हा मी हातातला कांदा खाली ठेवला.

पाणी

प्रत्येकाकडे जवळजवळ चार लिटरचा जग असतो. त्यावर नाव लिहा, मोठं लिहा. पाणी प्यायची सुट्टी दोन प्रकारची. एक खरी. दुसरी ‘गश अँड गो’: जगाकडे धावत जायचं, तोंडात मावेल तेवढं ओतायचं आणि गिळत गिळतच परत धावायचं. तोंडचं पाणी पळणं हा वाक्प्रचार मी शाळेत शिकले होते, प्रत्यक्षात इथे पाहिला.

काही शब्द आणि त्यांचे खरे अर्थ

‘वन मोअर टाइम’ म्हणजे आणखी किमान सहा वेळा. ‘लास्ट वन’ म्हणजे आणखी तीन वेळा, जेवणाची वेळ उलटून गेली असेल तर दोन. ‘रीसेट’ म्हणजे आत्ता जे झालं ते झालंच नाही असं समजा आणि पळत मागच्या जागी जा. ‘गुड’ म्हणजे वाईट नव्हतं. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे वाईट होतं. ‘फ्री डे’ म्हणजे कपडे धुवायचा दिवस.

जेवण

दिवसातून चार वेळा, आणि चौथं कार्यक्रमानंतर रात्री. रांगेत ड्रमवाले नेहमी शेवटी, कारण त्यांचं ‘लास्ट वन’ चाललेलं असतं. पीनट बटर संपलं तर बंड होईल, म्हणून ते कधीही संपू देत नाहीत. उरलेल्या भाताचं काय करायचं यावर एका रात्री ट्रकमध्ये चर्चा झाली तेव्हा मी मोहरी, हळद, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून फोडणीचा भात केला. भल्यामोठ्या पातेल्यात, वल्ह्याएवढ्या उलथन्याने. टेक्सासमधला एक टेनरवाला तीनदा वाढून घेऊन गेला आणि चौथ्यांदा येऊन त्याने विचारलं, “मॅम, याला काय म्हणतात?” सांगितलं. त्याने ‘फो’ बरोबर म्हटला, पुढचं पाच जणांत वाटून घ्यावं लागलं असतं.

लॉट आणि गुण

कार्यक्रमाआधी ड्रमवाले स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये हात मोकळे करतात. हाच तो ‘लॉट’. आत तिकीट काढून बसण्याऐवजी इथेच घोळका करून उभे राहणारे शौकीन पुष्कळ आहेत, फोन वर धरून, डोळे मिटून, मान हलवत. आपल्याकडे बैठकीला समोर बसणारे असतात ना, ती जात. त्यांच्यापुढे चुकू नका, त्यांना सगळं कळतं.

गुण शंभरांपैकी, मोठ्या स्पर्धांत दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत. एवढं बारीक मोजूनही 1996, 1999 आणि 2000 मध्ये पहिल्या नंबरावर दोन-दोन कोअर आले होते. सर्वोत्तम तालवादनाचं पारितोषिक फ्रेड सॅनफर्ड यांच्या नावाने आहे. पूर्वी परीक्षक वही घेऊन थेट वादकांमध्ये फिरायचे आणि ऐकू आलेल्या दर चुकीला एक खूण, खुणेमागे दशांश गुण कमी. त्या खुणेला ‘टिक’ म्हणत. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली, शब्द राहिला, आणि काम तेव्हापासून आयांनी उचललं आहे.

माझं सांगते. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी हातांचा कांद्याचा वास तसाच घेऊन लॉटमध्ये उभी राहायचे आणि पाच बेस ड्रमांतून माझ्या मुलाचा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायचे. जमायचं नाही. पुरणपोळी सलग यायची, गरम, कुठे जोड नाही. त्याचा फक्त कान दिसायचा. हे चांगलं की वाईट ते ठरवता येत नव्हतं. एवढं वाढवलेलं पोर, आणि आवाजात कुठे सापडू नये?

शेवटच्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला, दिवे लागताना, तोच तुकडा त्यांनी पाच वेळा वाजवला. पाचही वेळा लख्ख. सहाव्या वेळी पु आला, र आला, आणि मग केसभर थांबून ण. शेजारच्या बाईंना काही कळलं नाही, त्या टाळ्या वाजवत होत्या. प्रशिक्षकाने डोळे न उघडताच तिसऱ्या ड्रमकडे बोट केलं. माझं त्याच्याआधीच झालं होतं.